गायरानावरचे सात हिरवे ठिपके

नव्वदच्या दशकात, एका ऑक्टोबरमध्ये, उपग्रहाच्या चित्रांवरून चिंकारा हरणांचा वावर शोधणारे पथक सुप्याला आले. बातमीसाठी मी सोबत होतो. चित्रात गायरानावर सात हिरवेगार ठिपके होते. ती चिंकारांची कुरणे ठरवून पथकाने तिथे मेंढरांना बंदी सुचवली.

एका म्हाताऱ्या मेंढपाळाने चित्र निरखून पाहिले.

"सायेब, पावसाआधी आमी तितंच मेंढरं बसवतो. लेंडीखतानं गवत माजतंय. वरनं लेंड्या दिसत न्हाईत व्हय?"

"आबा, मग हरणं?" पथकाच्या साहेबांनी विचारले.

"त्येच गवत खायाला येत्यात की. आता आमी कुठं जायचं?"

साहेबांनी ते वहीत उतरवून घेतले. बंदी लागू झाली, मेंढपाळ इंदापूरकडे गेले. दोन वर्षांनी नवे चित्र आले. त्यात गायरानावर एकही हिरवा ठिपका नव्हता.