बारा कॉम्प्युटर, एक सर्व्हर आणि दत्तोबांचं बटन

लाइट परत आली. दत्तोबा शिपायांनी मेन स्विच वर केला. बाराही कॉम्प्युटर सुरू झाले आणि बाराही स्क्रीनवर एकाच अर्थाचं वाक्य उमटलं. सर्व्हर सापडत नाही.

आण्णा माझ्या मागेच उभे होते. सांगलीजवळ त्यांचं द्राक्षं निर्यात करणारं पॅकहाऊस होतं. पाच मिनिटांपूर्वीच मी त्यांना म्हणालो होतो, "लाइट गेली तरी काम जिवंत राहतं, हीच तर गंमत आहे."

"काय हो साहेब," आण्णा म्हणाले, "आधी एक मशीन बिघडलं तर एकच बिघडायचं. तुमचं एक गेलं आणि माझी बाराच्या बारा आंधळी झाली की!"

१९९९चा द्राक्षाचा सीझन होता. मी साताऱ्याहून येऊन तिथे 'थिन क्लायंट' पद्धत बसवत होतो. यात सगळे प्रोग्रॅम एका मोठ्या मशीनवर, म्हणजे सर्व्हरवर चालतात. टेबलावरचे कॉम्प्युटर फक्त स्क्रीन आणि की-बोर्डाचं काम करतात. त्यामुळे ते जुने असले तरी चालतात. पुण्याच्या एका कंपनीने आण्णांना बारा नव्या मशीनचं कोटेशन दिलं होतं. मी म्हणालो होतो, एकही नवं घेऊ नका.

सकाळी माझं पारडं जड होतं. परदेशी गिऱ्हाइकाचा फॅक्स आला होता, की प्रत्येक लेबलवर बागेचा नंबर हवा. पूर्वी त्यासाठी फ्लॉपी घेऊन बारा टेबलं फिरावी लागली असती. त्यात दीड दिवस गेला असता आणि एखादं मशीन राहून गेलंच असतं. या वेळी मी सर्व्हरवर एकदा बदल केला आणि नऊ मिनिटांत बाराही ठिकाणी नवं लेबल दिसू लागलं. सगळे बघायला जमले. मी तर हवेतच होतो.

आता धावत सर्व्हरच्या केबिनमध्ये गेलो. आत चिडीचूप. सर्व्हर बंद आणि त्याला बॅटरीवर वीज देणारा यूपीएसही बंद.

"इथं कुणी हात लावला?"

"मी," दत्तोबा म्हणाले. "आवं सायेब, लाइट गेली तवा लय कोकलत हुतं ते. म्हटलं, जळतंय का काय. मेन पाडला आन् त्याचं बी बटन दाबलं."

त्यांच्यावर रागावता येईना. लाइट परत येताना दाब वाढतो आणि ट्यूबा उडतात, म्हणून लाइट गेली की धावत जाऊन मेन पाडायचा, हे काम ते वीस वर्षं चोख करत होते. यूपीएस ओरडतो म्हणजे तो आपलं काम करतोय, हे मीच कुणाला सांगितलं नव्हतं.

नुकसान मात्र खरं होतं. कंटेनर भरून गेटवर उभा होता. त्याच्यासोबत वीस पॅलेटची यादी जायची होती. पॅलेट म्हणजे लाकडी चौकटीवर रचलेली खोक्यांची थप्पी. ऑफिसात याद्या टाइप करणाऱ्या सुनंदा कांबळे यांनी चौदा पॅलेट टाइप केली होती. सेव्ह त्या शेवटी एकदाच करायच्या. चौदाही गेली.

"मी सूर्यास्ताआधी जेवतो," आण्णा म्हणाले. त्यांचा जैन घरातला नेम होता. "सहाला घरी जाणार. तोवर कंटेनर हलला नाही, तर पुण्याच्या कोटेशनवर सही करून जाणार. आणि मालाची बोट चुकली, तर ते नुकसान वेगळंच."

सर्व्हर सुरू व्हायला अकरा मिनिटं लागली. तेव्हा पावणेपाच वाजले होते. एका पॅलेटला सुनंदाताईंना सव्वादोन मिनिटं लागत. वीसला पंचेचाळीस. मनात म्हटलं, जमतंय.

सतरावं पॅलेट अर्ध्यावर असताना पुन्हा लाइट गेली.

"गेलं, सर!" सुनंदाताई ओरडल्या.

दत्तोबा मेनकडे धावले, तो पाडला आणि उलट पावली केबिनमध्ये आले. यूपीएस किंचाळत होता. ते बटनासमोर दोन्ही हात पसरून उभे राहिले. "कोकल गड्या, कोकल! आता कोन हात लावतंय बघतो."

केबिनमध्ये माझा स्वतःचा एक कॉम्प्युटर होता. सगळ्या मशीनवर लक्ष ठेवायला घेतलेला आणि यूपीएसवरच जोडलेला. सुनंदाताईंना तिथे बसवलं. "तुमचं नाव आणि पासवर्ड टाका."

त्यांनी टाकला. स्क्रीनवर सतरावं पॅलेट आलं. अर्धवट आकडा होता तसाच आणि त्याच्यापुढे कर्सर लुकलुकत होता.

"अगं बाई! हे तर माझ्या टेबलावरचं!"

"तुमच्या टेबलावर ते कधी नव्हतंच," मी म्हणालो. माझाही आवाज चढला होता. "टाइप करा!"

बॅटरी वीस मिनिटांची होती. साडेतीन पॅलेटला आठ मिनिटं, प्रिंटला पाच. सात मिनिटं शिल्लक. मी घड्याळ बघत होतो, आण्णा माझ्याकडे. यादीचा प्रिंटर सर्व्हरलाच जोडलेला होता आणि यूपीएसवरच चालत होता. तो करकरत सुरू झाला, तेव्हा दत्तोबांनी यूपीएसला चक्क हात जोडले.

पाच पन्नासला कंटेनर गेटबाहेर पडला. लाइट अजून आली नव्हती.

आण्णांनी सही न करताच कोटेशनची घडी घालून ते खिशात ठेवलं. मावळतीकडे बघत म्हणाले, "साहेब, माझी उरलेली दोन ऑफिसं कधी करताय? आणि आता येताय का जेवायला? मला उशीर नको."

त्या कामाच्या आधी मी आण्णांना दोन पानी टिपण दिलं होतं. त्यात व्हायरस, केबल कुरतडणारे उंदीर, धूळ असे अकरा धोके क्रमाने लिहिले होते. दत्तोबा त्यात नव्हते. पुढे प्रत्येक ऑफिसात जाताना माझ्या फॉर्मवर पहिला प्रश्न एकच असायचा: लाइट गेली की मेन कोण पाडतं? ज्याचं नाव येईल, त्याला मी मालकाच्या आधी भेटत असे.