गोड नका देऊ

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात दादा पडले आणि पुन्हा उठले नाहीत. नातेवाइकांत आजही म्हणतात, बापाचं काळीज, पोर सासरी जाताना फुटलं. ऐकायला बरं वाटतं. मलाही पहिल्यांदा बरं वाटलं होतं. पण दादांचं काळीज असल्या गोष्टीने फुटणाऱ्यातलं नव्हतं, आणि ते कशाने गेले हे मला आणि आईला पक्कं ठाऊक आहे.

दादा म्हणजे माझे वडील. काका त्यांना दादा म्हणायचे, आत्या म्हणायच्या, तेच ऐकून आम्ही दोघी बहिणीही दादा म्हणायला लागलो. आजोबा लवकर वारले तेव्हा कन्नड तालुक्यातली जमीन पोट भरेल एवढी नव्हती. दादा मिसरूड फुटायच्या वयात शहरात आले, वाळूजच्या एका कारखान्यात पाळीवर लागले आणि हळूहळू सगळं खटलं इकडे आणलं. आजी, बहिणी, आणि शेंडेफळ असलेले काका. काकांना त्यांनी शिकवलं, डी.एड. केलं, मास्तर केलं. स्वतःचं लग्न बहिणींच्या नंतर.

मुकुंदवाडीत घर बांधलं तेव्हा पुढच्या खोलीत त्यांनी पिठाची गिरणी टाकली. कारखान्याची बस कोपऱ्यावर सोडायची. घरी आले की कपडे बदलायचे आणि पट्टा चढवायचा. आमचं सगळं लहानपण त्या घरघरीत गेलं. शाळेतल्या कविता आम्ही ओरडून पाठ केल्या, कारण हळू बोललेलं आमच्या घरात ऐकूच यायचं नाही. दादांच्या भुवया, पापण्या, कानातले केस सगळं पांढरं असायचं. ते म्हातारे झाले तेव्हा आम्हाला कळलंसुद्धा नाही, कारण आधीपासूनच ते तसे दिसायचे.

त्यांचा एक नेम होता. दारात दळणाचे डबे असले की जेवायचं नाही. आई आतून हाक मारायची, "दोन घास खाऊन घ्या ना, मग दळा." ते तिथूनच म्हणायचे, "लोकाच्या चुली थांबल्यात. आपलं काय, आपण घरातच हाय." शेजारच्या गल्लीतल्या एक खाला रमजानात दळण घेऊन यायच्या. एकदा दुपारी त्यांनी विचारलं, "भाई, तुमने रोजा कब से रखना शुरू किया?" दादा हसले. खालांचा रोजा संध्याकाळी सुटायचा, यांचा कधी सुटेल याचा भरवसा नाही. डबे संपल्यावरही आधी पोरं, मग काका, मग कुणी पाहुणा असला तर तो. आधी पोटोबा मग विठोबा म्हणतात. आमच्याकडे आधी सगळं गाव आणि पोटोबा गेला उडत.

या गोष्टीचं लोकांना फार कौतुक. मला लहानपणापासून राग यायचा. उपाशी राहणं हा काही गुण नाही, असं मी एकदा त्यांना तोंडावर म्हटलं होतं. ते म्हणाले, "भूक पाळीव जनावर असतं बाई. हाकलंल तिकडं जातं." त्यांनी ते आयुष्यभर हाकललं आणि ते गेलंही. त्यामुळे आपली भूक आपलं ऐकते, असा त्यांचा ठाम समज झाला.

आमच्याकडे कन्यादान करणाऱ्याने ते होईपर्यंत तोंडात काही घालायचं नसतं. आजोबा नव्हते म्हणून दादांनी सगळ्या बहिणींची कन्यादानं स्वतः केली. तीही उपाशीपोटी. माझ्या लग्नातही तेच, पाटावर आई शेजारी, दोघं उपाशी. मुहूर्त ही आमच्याकडे पत्रिकेत छापायची गोष्ट आहे. नवरदेव मारुतीला जाणार, तिथून डीजेपुढे पोरं नाचणार, मग मांडवात आलेल्या प्रत्येक पुढाऱ्याचा फेटा बांधून सत्कार, त्यांतला एक तरी माइक धरून बोलणार. अक्षता पडेपर्यंत ऊन कलतं, आणि कन्यादान त्याच्याही नंतर. माझ्या लग्नात दादा तोवर नुसते पळत होते आणि तोंडावर थकव्याची रेघ नव्हती. सगळे म्हणाले, कमाल आहे बुवा या माणसाची.

धाकटीच्या लग्नाआधी दोन-तीन वर्षं त्यांना शुगर निघाली. आधी गोळ्या, मग इन्शुलिनचं इंजेक्शन. डॉक्टरांनी सांगितलं, इंजेक्शन कधी चुकवायचं नाही, आणि घेतलं की लगेच जेवायचं. पहिलं वाक्य दादांनी कारखान्याच्या भोंग्यासारखं पाळलं. सकाळी उठले की पोटाची चिमट धरून स्वतःच टोचून घ्यायचे. दुसरं वाक्य आई पाळून घ्यायची. ती भाकरी घेऊन गिरणीत जायची आणि घास संपेपर्यंत उभी राहायची. एवढंच एक काम असं होतं की त्यात दादांचं काही चालत नव्हतं.

आमच्या घरात साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला. दादांना गोड म्हणजे विष, हे सगळ्या भावकीला पाठ झालं. काका तर फारच कडक. ते मास्तर, त्यात त्यांनी शुगरवरचं बरंच वाचलेलं. दिवाळीला येताना स्वतःच्या घरचा फराळसुद्धा दादांपुढून उचलायचे. थोरल्या भावाची असली काळजी घेणारा भाऊ मी दुसरा पाहिला नाही. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही.

लग्न बीड बायपासच्या एका लॉन्सवर होतं. सकाळी दादांनी नेहमीसारखं इंजेक्शन घेतलं. लग्नाच्या दिवशी आपल्यामुळे कुणाची धावपळ नको, म्हणून तर मुद्दाम आठवणीने घेतलं. आणि मग काही खाल्लं नाही, कारण कन्यादान होतं. आई त्या दिवशी भाकरी घेऊन मागे उभी राहू शकली नाही. ती नवरीची आई होती आणि तीही उपाशी होती. एकदा मी चहा पुढे केला. "कन्यादान झाल्यावर," म्हणाले, आणि व्याह्यांच्या गाडीला जागा करून द्यायला निघून गेले.

वरातीने व्हायचा तेवढा उशीर केला. सत्कार झाले, भाषणं झाली. अक्षता पडल्या आणि पंगती बसल्या. दादा हात जोडून पंगतीतून फिरत होते. "सावकाश जेवा. जेवल्याबिगर जाऊ नका." कुणाच्या पानात बुंदी कमी दिसली की वाढप्याला हाक मारायचे. मी लांबून पाहिलं तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. उन्हाळा होता, सगळेच भिजले होते.

मग कन्यादानाला बसले. भटजींनी हातावर पाणी घातलं तर त्यांचा हात एवढा थरथरत होता की पाणी आईच्या ओंजळीत पडेना. बायकांनी पदर डोळ्याला लावले. भटजी म्हणाले, "म्हणा माझ्यामागे." दादांनी म्हटलं नाही. ते धाकटीकडे पाहत राहिले आणि एकदम रागाने म्हणाले, "डबा कुणाचा हाय हा? नाव सांगून जात जा." मांडवात हुंदके फुटले. व्हिडिओवाल्याने कॅमेरा जवळ आणला. बापाला पोर ओळखू येईना एवढं दुःख झालंय, असं सगळ्यांनी मनाशी धरलं. मीही रडले. मग ते एका अंगावर कलंडले.

उचलून त्यांना नवरीकडच्या खोलीत नेलं. नाकाला कांदा लावला, पंखा जोरात केला. डोळे अर्धवट उघडे होते. आई पाटावरून उठून तशीच धावत आली, आणि येताना वाढप्याच्या हातून बुंदीची वाटी घेऊन आली. तिचं साधं गणित होतं. उपास आहे, आता मोडायचा, आणि उपास गोडाने मोडतात. ती खाली बसली, चिमूटभर बुंदी त्यांच्या ओठांपाशी नेली.

काकांनी तिचा हात धरला.

"वहिनी, काय करताय? गोड नका देऊ. शुगर हाय त्यांना, एकदम चढंल."

"उपाशी हायत वो भाऊजी."

"पाणी द्या. साधं पाणी. गोड अजिबात नाय."

खोलीतल्या सगळ्यांनी माना हलवल्या. शुगरच्या माणसाला गोड देतात का कुठं? आईने वाटी बाजूला ठेवली. चमच्याने पाणी पाजलं, ते अर्धं गळ्यावरून ओघळलं. मग दादा घोरायला लागले. एक आत्या म्हणाली, "झोपू द्या त्याला. किती महिन्यांनी असा निवांत झोपलाय." लग्नघरात ते वाक्य सगळ्यांना पटलं. काका आणि काकू पाटावर बसले आणि कन्यादान पुरं झालं. आम्ही दार लोटून घेतलं. बाहेर बुंदीच्या पराती, जिलेबी, मुलांच्या हातात सरबताचे ग्लास. सगळं लॉन्स गोडाने भरलेलं आणि आत एक माणूस चिमूटभर साखरेवाचून मरत होता. आम्ही त्याची झोपमोड होऊ नये म्हणून हळू बोलत होतो.

धाकटी निघताना पाया पडायला आली तेव्हा ते उठेनात. तिथून जालना रोडवरच्या हॉस्पिटलात. सलाइन लागलं, साखर भरली, पण डोळे उघडले नाहीत. काही आठवडे ते तसेच नळ्यांवर होते. धाकटी हळदीच्या अंगाने येऊन बसायची. काका रजा टाकून रात्रंदिवस बाहेरच्या फरशीवर.

एक दिवस डॉक्टरांनी मला आणि आईला आत बोलावलं. भला माणूस होता, आवाज न चढवता सांगितलं. इन्शुलिन घेऊन उपाशी राहिल्याने साखर वाढली नव्हती, पार तळाला गेली होती. मेंदूला खायला साखरच लागते. घाम, थरथर, बडबड ही सगळी त्याचीच लक्षणं. त्या वेळी तोंडात काही गोड गेलं असतं, तर बहुतेक उठून बसले असते. आता फार काळ उलटला होता.

आईने विचारलं, "बुंदी चालली असती?"

डॉक्टर म्हणाले, "हो. काहीही गोड."

आई उठली. दारापाशी थांबून तिने डोक्यावरचा पदर नीट केला. बाहेर काका उभे होते, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. "काय म्हणले वहिनी?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात आईने माझा दंड असा दाबला की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता. ती म्हणाली, "शुगर लई वाढली व्हती म्हणले. तुम्ही गोड देऊ दिलं नाय म्हणून एवढं तरी निभलं. नायतर तिथंच गेले असते."

काका भिंतीला टेकून खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. जिन्यात मी आईला म्हटलं, हे तू काय केलंस? ती म्हणाली, "त्येंनी त्या पोराला पोटाला चिमटा काढून वाढवलंय. मी त्याला असं सांगू? तुला माझी आन हाय." मला तिचा भयंकर राग आला. दादांचाही आला, काकांचाही, पंगतीत चवीने बुंदी खाणाऱ्या प्रत्येक माणसाचा आला. तो राग अजून गेलेला नाही, फक्त कुणावर काढावा हे कळत नाही.

दादा गेले. आणि काका ती गोष्ट सांगायला लागले. दर वर्षी श्राद्धाला, भावकीतल्या प्रत्येक लग्नात, कुणी आठवण काढली की. "आमची वहिनी भोळी. बुंदी घेऊनच आली व्हती. मी हात धरला म्हणून बरं. दादानं माझ्यासाठी जन्म घातला, मला त्याच्यासाठी एवढंच करता आलं." सांगताना त्यांचा आवाज भरून यायचा. लोक आईकडे पाहायचे. काही जणी तर तिच्यादेखत च्च् करायच्या. आई हातातलं काम न थांबवता म्हणायची, "मला काय कळतंय? भाऊजी व्हते म्हणून."

असं कैक वर्षं चाललं. ती एकदाही चुकली नाही, तिचा आवाजही कधी हलला नाही.

गेल्या वर्षी काका वारले, झोपेत, सुखाने. तेराव्याचं आवरून मी आणि आई घरी आलो. ती पायऱ्या चढून पुढच्या खोलीतच बसली, पाणीसुद्धा मागितलं नाही. मी म्हटलं, "आई, आत चल."

तिने उजव्या हाताची बोटं चिमटीसारखी जुळवली आणि त्यांच्याकडे पाहत राहिली.

"ओठाला लावली व्हती गं मी," ती म्हणाली. "ह्याच हातानं. अजून जरा पुढं न्यायला पायजे व्हता हात."