नेल्लोचा समोरून फोटो

देल्फो मात्तेउच्चीनं जन्मभर शिल्पकारांचे फोटो काढले, आणि एकालाही कॅमेऱ्याकडे बघू दिलं नाही. याच गोष्टीवर तो मोठा झाला आणि म्हातारपणी याच गोष्टीनं त्याला पुरतं अडचणीत आणलं.

इटलीतल्या पिएत्रासान्ता गावात संगमरवराच्या कारखान्यांना तोटा नव्हता, त्यामुळे शिल्पकारांनाही नव्हता. मिलानहून येत, जपानहून येत, एक तर थेट आइसलँडहून आला होता आणि उन्हानं पहिल्याच आठवड्यात सोलून निघाला होता. त्या काळी दुपारी भोंगा झाला की सगळी गल्ली पांढरी होऊन जेवायला निघायची. इसोलीनाच्या बारच्या दारात माणसं कपडे झटकत उभी राहायची आणि आतून इसोलीना ओरडायची, "बाहेर झटका रे, बाहेर! माझ्या सूपात डोंगर नको!"

देल्फोचा बाप गावचा फोटोवाला. लग्नं, बारसी, चर्चमध्ये पहिल्या प्रसादाला निघालेली पांढऱ्या कपड्यांतली पोरं, एवढाच त्याचा धंदा. त्याच्या फोटोंत अख्खं खानदान रांगेत उभं राहून भिंगाकडे असं बघायचं, जणू आतून करवसुलीचा साहेब बाहेर येणार आहे. युद्धानंतर दुकान देल्फोकडे आलं, त्याबरोबर ते वटारलेले डोळेही आले. चार-पाच वर्षांत पोरगा इतका विटला, की कुणी "हसू का?" असं विचारलं की तो भिंगाला झाकण लावायचा.

मग एका हिवाळ्यात तो नेल्लो चिपोल्लीनीच्या शेडवर उसनी नेलेली शिडी परत करायला गेला. नेल्लो त्याचा शाळेतला बाकमित्र, आता शिल्पकार. डोक्यावर वर्तमानपत्राची टोपी, दातांत जीभ, समोर दगडातल्या बाईचा अर्धवट गुडघा. देल्फो आत आला, शिडी भिंतीला लावली, दोनदा खोकला. नेल्लोला पत्ताच नाही. गळ्यात कॅमेरा होताच. देल्फोनं कळ दाबली.

फोटोत होतं तरी काय? मानेचा मागचा भाग, एक कान, कागदी टोपी आणि खिडकीतून तिरप्या आलेल्या उजेडात तरंगणारी धूळ. मिलानच्या एका मासिकानं तो पानभर छापला. गावानं म्हटलं, "आमच्या देल्फोला फोटो जमत नाहीत, हे आता मिलानलाही कळलं." पण महिनाभरात शिल्पकार स्वतःहून दुकानाची पायरी चढायला लागले. सगळ्यांना तसलाच फोटो हवा होता.

देल्फोचा नियम एकच, "मी इथं नाहीच असं समजा." पायात लोकरीच्या चपला, अंगावर धुळीच्याच रंगाचा डगला, आणि कोपऱ्यात तासन्‌तास उभं राहायचं. एका डॅनिश शिल्पकारानं त्याला प्लास्टरचा पुतळा समजून त्याच्या खांद्यावर ओला कोट टाकला होता. देल्फो हलला नाही, म्हणून फोटो मिळाला, सर्दीही मिळाली. लोकांना मात्र विसरायलाही शिकवावं लागे. तोरिनोचा एक नावाजलेला गृहस्थ केस विंचरून आला आणि म्हणाला, "महाशय, मला तुमचं भान नाही असं दाखवायचं, तर ते डाव्या बाजूनं दाखवू की उजव्या?"

खरं विसरायचा तो एकटा नेल्लो.

"देल्फो, तू आलायस की गेलायस?"

"आलोय."

"मग ती खिडकी लाव. वारा येतोय."

एवढंच बोलणं. वर्षानुवर्षं एवढंच. त्यातून नेल्लोच्या फोटोंची दोन जाड पुस्तकं निघाली, प्रदर्शनं झाली, परदेशी विद्यार्थी त्या मानेवर निबंध लिहायला लागले. नेल्लोची बायको आर्जिया म्हणायची, "माझ्या नवऱ्याची मान जगात प्रसिद्ध आहे. घासते मी, नाव देल्फोचं."

नेल्लो सप्टेंबरात गेला. छातीत धूळ बसली होती, गावात बहुतेकांच्या बसते. तोवर निम्मे कारखाने बंद पडले होते, गल्ली आपल्या मूळ रंगाची झाली होती, आणि ती पिवळी असल्याचं पाहून कित्येकांना नवल वाटलं होतं.

ऑक्टोबर अर्धा सरला तेव्हा आर्जिया दुकानात आली. पिशवी टेबलावर ठेवली, टेकली.

"दोन नोव्हेंबरला मृतांचा दिवस, त्याच्या आत मला नेल्लोचा फोटो हवा. थडग्यावर बसवायला. चिनीमातीवरचा, लंबगोल, सगळ्यांचा असतो तसा."

देल्फो हसला. बापाच्या वेळचं ते काम दुकानात अजून होत होतं. "एवढंच ना? अगं, नेल्लोचे माझ्याकडे हजार फोटो आहेत."

"समोरून," आर्जिया म्हणाली. "माझ्याकडे बघणारा."

देल्फोचं हसू तिथंच राहिलं. "त्या छिन्नीवाल्या फोटोत तो इतका…"

"त्या छिन्नीवाल्या फोटोत तो दगडाकडे बघतोय. देल्फो, स्मशानात कधी गेलायस का? आल्यागेल्याकडे सगळे बघतात. त्याच्या डावीकडचा खाटीक बघतो, उजवीकडचा नोटरी बघतो, तो तर जिवंतपणी कुणाकडे बघत नव्हता. आणि मी शेवंती घेऊन जाणार तेव्हा माझा नवरा पाठ फिरवून दगड फोडत बसणार? चाळीस वर्षं तेच केलं त्यानं. आता तरी बघू दे मेल्याला माझ्याकडे."

देल्फोनं खोकी काढली. दिवसच्या दिवस तो उजेडाच्या काचेवर निगेटिव्ह ठेवून भिंगातून बघत राहिला. माना निघाल्या. कान निघाले. दगडावर टेकलेलं कपाळ, ओंजळीत तोंड धुताना उडालेलं पाणी, मिटलेल्या पापण्या. सुंदर होतं सगळं. पण डोळे नव्हते. कधीतरी नेल्लोनं मान वर केली असेल, निदान चुकून? केली असणार. आणि देल्फोनं तेवढ्यापुरता कॅमेरा खाली घेतला असणार. त्याला स्वतःची सवय ठाऊक होती. मित्राचे डोळे घारे होते की तपकिरी, हे आठवायलाही त्याला खिडकीपाशी जाऊन उभं राहावं लागलं, आणि तरी खात्री पटली नाही.

आर्जिया परत आली तेव्हा त्यानं बापानं काढलेला लग्नातला फोटो पुढे केला. त्यात नेल्लो भिंगाकडे बघत होता, हे मान्य.

"हा तर पोरगा आहे," आर्जिया म्हणाली. "उद्या मी शेजारी जाणार. सुरकुतलेली म्हातारी, बाजूला हा बावीस वर्षांचा. लोक म्हणतील, नातवाबरोबर पुरली."

"ओळखपत्रावरचा?"

"त्यात तो कोंबड्या चोरताना पकडल्यासारखा दिसतो."

"मग माझ्याकडे नाही, आर्जिया," देल्फो म्हणाला. हे वाक्य त्यानं दुकानात कधी उच्चारलं नव्हतं. "एकही नाही."

आर्जियानं लग्नाचा फोटो त्याच्यापुढे परत सरकवला. तिनं ओरडायला हवं होतं असं त्याला वाटलं. ती फक्त म्हणाली, "एवढी वर्षं समोर उभा होतास रे," आणि पिशवी उचलून गेली.

देल्फो इसोलीनाच्या बारमध्ये जाऊन बसला. कॉफीत ग्राप्पा दारू घातली तरी तोंड कडूच. इसोलीनानं कारण काढून घेतलं, त्यात तिला कधीच वेळ लागायचा नाही.

"म्हणजे डोळेवाला नेल्लो हवाय?" तिनं कॉफीच्या यंत्रामागच्या भिंतीकडे हात केला. "हा काय बसलाय."

माशांच्या रश्श्याच्या वाफेनं पिवळा पडलेला, कोपऱ्यात तिचाच अंगठा आलेला तो फोटो इसोलीनानं मुलीच्या बारशाच्या जेवणात काढला होता, नवऱ्याच्या डबड्या कॅमेऱ्यानं. देल्फोनं तो रोज सकाळी पाहिला होता आणि रोज सकाळी म्हटलं होतं, "ते काढ गं, माझ्या धंद्याला बट्टा आहे." आता तो यंत्राच्या मागे वाकून बघू लागला. नेल्लो तोंडात घास घेऊन थेट समोर बघून हसत होता. भुवया वर, डोळे मोठे, खट्याळ. शेजारी खुद्द देल्फो. तो मात्र भिंगाकडे बघत नव्हता, नेल्लोकडे बघत होता.

"घेऊन जा मग," इसोलीना म्हणाली. "पण खाली माझं नाव घालायचं, छायाचित्र इसोलीना."

"थडग्यावर नाव मेलेल्याचं घालतात."

"मग घाई नाही. थांबते."

देल्फोनं फोटोचा फोटो काढला. तेलाचे डाग ब्रशानं काढले, अंगठा काढला, गालातला घास राहू दिला. मग कात्रीची पाळी आली, लंबगोलात दोघं मावेनात. त्यानं स्वतःला कापलं. जन्मभर चौकटीबाहेरच राहिलेल्या माणसाला ते काही जड गेलं नाही. पण नेल्लोच्या खांद्यावर चार बोटं उरली. देल्फोचा हात तिथं होता, आणि माणूस कापला तरी हात सुटला नव्हता. त्यानं बारीक ब्रश राखाडी रंगात बुडवला. करंगळी बुजवली.

तेवढ्यात आर्जिया दारात. इसोलीनानं बातमी पोहोचवली होतीच. ती टेबलाशी आली, चष्मा लावला आणि नेल्लोकडे बघत राहिली. नेल्लोही तिच्याकडे बघत राहिला.

"आलास का रे," ती हळूच म्हणाली. मग नाक पुसून म्हणाली, "हा हात कुणाचा?"

"माझा. पुसतोय."

"कशाला?"

"बरं दिसत नाही. कुणाचा हात, कुठून आला, लोक विचारतील."

"विचारू देत. राहू दे."

"आर्जिया, फोटोच्या दृष्टीनं…"

"फोटोच्या दृष्टीनं तू आधीच मला पंधरा दिवस रडवलंयस. तो एकटा राहणारा माणूस नव्हता. मी जाईपर्यंत कुणीतरी असू दे त्याच्याजवळ. आणि ती करंगळी परत काढ."

देल्फोनं करंगळी परत काढली. ब्रशानं काढली ती मूळच्यापेक्षा जरा सडपातळच झाली.

दोन नोव्हेंबरला सगळं गाव शेवंतीचे गुच्छ घेऊन वर स्मशानात आलं. खाटीक बघत होता, नोटरी बघत होता, मधे गालात घास घेऊन नेल्लो हसत होता. देल्फो समोर उभा राहिला. डावीकडे सरकला, तरी नेल्लो त्याच्याकडेच बघतोय. उजवीकडे गेला, तिथंही तेच. डोळे तपकिरी होते की घारे, काळ्यापांढऱ्यातून ते आताही कळेना. विचारायला आर्जिया शेजारीच होती. त्यानं विचारलं नाही.

पलीकडून नोटरीची विधवा आली, फोटोपाशी वाकली आणि गहिवरून म्हणाली, "किती गोड! खांद्यावर तुझा हात ठेवून घेतलास ना, आर्जिया?"

"माझ्या बोटांवर एवढे केस नाहीत," आर्जिया म्हणाली. "तो ह्याचा आहे."

विधवाबाईंनी देल्फोकडे बघितलं, मागे उभी इसोलीनाही बघू लागली, आणि देल्फो, ज्याला कुणी आपल्याकडे बघितलेलं कधी सोसलं नाही, टोपी हातात धरून तसाच समोर उभा राहिला.