रत्नम्माचं बसून झोपणं

किल्लारीत रत्नम्माला आडवं झालेलं कुणी पाहिलं असेल तर पुढं या! ताप असो, खुरपून कंबर मोडलेली असो, बाई झोपणार ती भिंतीला पाठ लावून, बसूनच. शेजारणी थट्टा करायच्या, "अव्वा, पहारा कुणाचा करताय?" ती म्हणायची, "सवय हाय बाई." सवय कसली डोंबलाची! सवयीपायी बत्तीस वर्षं पाठ अवघडून घेतं का कुणी?

भूकंपात तिची सहा वर्षांची पुनम गेली. घर लिंगायताचं. त्यांच्यात माणूस गेलं की मांडी घालून, हातात इष्टलिंग देऊन समाधीत बसवतात. पण पोर दगडाखालून निघाली दुसऱ्या दिवशी, अंग ताठलेलं. गुडघे काही केल्या वळेनात. रत्नम्मानं स्वतः जोर लावून पाहिला, पण आईचाच हात तो, किती लावणार? शेवटी नवऱ्यानं, गुरुपादप्पानं, लेकराला शेतात आडवंच ठेवलं नि माती लोटली. "लेकीचं बसायचं राहिलं, ते मी बसते," म्हणाली रत्नम्मा, आणि तेव्हापासून तिनं जमिनीला पाठ टेकली नाही.

परवा दुपारी नात सुकन्या मोबाइल घेऊन आली. लातूरला बारावी सायन्सला आहे पोरगी. "अव्वा, बघ की, अंतराळवीर कसे झोपतात. तुझ्यासारखेच!" पडद्यावर एक माणूस भिंतीला बांधलेल्या पिशवीत उभ्या उभ्या गाढ झोपला होता. हात पुढं तरंगत होते.

"बांधलं कशापायी त्याला?"

"नाहीतर झोपेत तरंगत जाऊन धडकेल. तिथं वजनच लागत नाही अव्वा. आडवं काय, उभं काय, बसलेलं काय, अंगाला सगळं सारखंच."

रत्नम्मा हळूच म्हणाली, "जीव गेल्यावर बी तसंच असंल का गं? माझ्या पुनमला कळलं नसंल?"

सुकन्याला रडूच फुटलं. "काहीच कळलं नसेल, अव्वा." तिनं घाईघाईनं चटई अंथरली, उशी ठेवली. म्हातारी भीत भीत कलंडली. पाठ जमिनीला टेकली नि तिनं असा सुस्कारा टाकला, की सुकन्याला वाटलं, सुटली बिचारी एकदाची.

पण लगेच रत्नम्मा धडपडत उठली.

"न्हाई गं बाळे. वजन होतं तिला. खड्ड्यापर्यंत मीच तर नेली उचलून. लई जड लागली."

आणि ती पुन्हा भिंतीला पाठ लावून बसली.