वहिनींच्या दुकानातला वायरमन

माझ्या खोलीच्या बरोबर खाली एक दुकान आहे. शटर एक, पण आत कारभार दोन. डाव्या बाजूला नवरा मोटरसायकलींचं वायरिंग करतो, चोरीचे अलार्म बसवतो. उजव्या बाजूला बायको शिलाई मशीन मांडून त्याच मोटरसायकलींच्या सीटना कव्हरं शिवते. त्याला सगळे वायरमन म्हणतात, तिला वहिनी. मला ती दोघं आत्या म्हणतात. संध्याकाळचा माझा चहा त्यांच्याच पायरीवर होतो, त्यामुळे ही सगळी हकीकत मी पहिल्या रांगेत बसून पाहिली आहे.

वायरमनच्या कामाचा नियम एकच, ते दिसता कामा नये. अलार्मची डबी टाकीखाली नाहीतर दिव्यामागे अशी बसवायची की मालकाने शोधली तरी सापडू नये. नवी तार जुन्या तारांच्या गुच्छात सरकवायची, वरून तीच काळी टेप, आणि टेपवर थोडी धूळसुद्धा चोळायची, म्हणजे सगळं कारखान्यातूनच तसं आल्यासारखं वाटतं. मालकाला सापडलं तर चोरालाही सापडेल, असं तो म्हणायचा. ही धूळ चोळण्याची कला मी नाटकात काम करायचे तेव्हा पाहिली होती. नवा कोट जुना दिसावा म्हणून आमचा कपडेवाला तो अंगणात आपटायचा. प्रेक्षकांनी त्या कोटाला कधी टाळी दिली नाही.

वहिनीचं काम मात्र सगळं रंगमंचावर. दोन रंगांचं रेक्झिन, मधोमध गादीसारखे फुगवटे, कडेला बारीक पांढरी शिलाई. गिऱ्हाईक संध्याकाळी गाडी न्यायला आलं की वायरमन त्याच्या हातात रिमोट ठेवायचा. बटण दाबलं की टुक-टुक. गिऱ्हाईक म्हणायचं, "एवढंच? मग सकाळपासून गाडी कशाला ठेवून घेतलीत?" आणि मान वळायची सीटकडे. मग हात फिरवणं, बसून पाहणं, उठून पुन्हा हात फिरवणं, आणि "वहिनी, हाताला काय जादू आहे हो तुमच्या."

वायरमन नटबोल्टचे पाने पुसत बसायचा. पुसलेले पाने पुन्हा पुसायचा.

गंमत म्हणजे हा धोंडा त्याने स्वतःच्याच हाताने पायावर पाडून घेतला होता. वहिनी आधी घरी झबली-परकर शिवायची. एकदा काम करताना त्याचा स्क्रूड्रायव्हर निसटला आणि गिऱ्हाइकाची सीट टरकन फाटली. त्याने ती गुपचूप घरी नेली आणि बायकोच्या हातापाया पडून शिवून घेतली. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक ओरडेल म्हणून हा तोंड लपवतोय, तर ते विचारतंय, सीट इतकी छान कुणी केली? महिनाभरात मशीन दुकानात आलं. खांद्यावरून कुणी आणलं? यानेच.

आता कौतुक परक्याचं झालं तर माणूस दार लावून घेतो. इथे दारच एक. वायरमनच्या पोटात दुखायला लागलं की ते बारीकसारीक गोष्टींतून बाहेर यायचं. फोमची भुकटी माझ्या तारांच्या डागकामात येते. मशीनच्या आवाजात मला अलार्मचा आवाज नीट ऐकू येत नाही. पंखा तुझ्याकडेच का? वहिनी पंखा फिरवून द्यायची. त्यावर हा आणखी चिडायचा, कारण पंखा मिळाल्यामुळे तक्रार संपली होती.

एक दिवस कोपऱ्यावरच्या चहावाल्याने कुणालातरी पत्ता सांगितला, तो वायरमनच्या कानावर पडला. "वहिनींचं दुकान विचारा, कुणीही दाखवेल. तिथेच एक वायरिंगवालाही बसतो." झालं. त्या दिवशी तो जेवला नाही. शटर तेवीस वर्षांपूर्वी त्याच्या बापाने घेतलेलं, आणि तो तिथे 'बसतो'.

त्याच आठवड्यात पाववाला आला. हा घरोघर आणि हॉटेलांत पाव पोचवतो. मागे मोठी पत्र्याची पेटी, आणि त्या मोटरसायकलीवर त्याचं सगळं घर चालतं. शेजारच्या गल्लीतून दोन गाड्या चोरीला गेल्या होत्या, म्हणून त्याला अलार्म हवा होता. आणि आलोच आहे तर सीटही.

वायरमनने त्या दिवशी आपला नियम मोडला. भोंगा सीटखाली बाहेरच्या बाजूला, चकचकीत पट्टीवर बसवला. तारांना लाल आणि पिवळ्या नळ्या चढवल्या, त्यांची सुबक वेणी घातली आणि ती टाकीच्या कडेने सरळ पुढे नेली. मीटरपाशी लुकलुकणारा छोटा लाल दिवा लावला. काम देखणं झालं होतं, खोटं कशाला बोलू. पाववाला आला आणि आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाईक सीटच्या आधी तारांकडे वाकलं. चहावाला बघायला आला. रिक्षावाले आले. वायरमन प्रत्येकाला वेणी कशी घातली ते समजावून सांगत होता, आणि पडदा पडल्यावर पुन्हा पुन्हा बाहेर येणाऱ्या नटासारखा जागचा हलत नव्हता.

वहिनी सगळे जाईपर्यंत दोरा ओवत राहिली. मग म्हणाली, "चोराला बरं पडेल. शोधाशोध नको."

"जळतेस," तो म्हणाला.

"जळते कशाला? मी पाहिलं ते बोलले."

"जळतेस. एक दिवस माझं कौतुक झालं तर दोरा ओवता येईना तुला."

तिने दोरा खाली ठेवला आणि त्या विषयावर पुन्हा तोंड उघडलं नाही. पुढे चार-पाच जणांनी हौसेने तशीच वेणी करून घेतली. दुकानात वायरमन शीळ घालत फिरायचा. मला म्हणाला, "आत्या, बायकोला नवऱ्याचं नाव झालेलं बघवत नाही, तुमच्या नाटकात असं असायचं का?" मी म्हटलं, आमच्या नाटकात बहुतेक उलटं असायचं. तो हसला. त्याला कळलं नाही.

आणि मग पाववाल्याची गाडी गेली. भर सकाळी. तो तिसऱ्या मजल्यावर पाव देऊन खाली येईपर्यंत जागा रिकामी. भोंगा वाजलाच नाही. जमिनीवर लाल-पिवळ्या नळीचे तुकडे पडले होते, कात्रीने फीत कापावी तसे.

पाववाला पायी दुकानात आला आणि ते तुकडे त्याने वायरमनच्या बाकावर ठेवले. रागाने नव्हे हो. बिचाऱ्याला वाटलं, याला कदाचित उपयोगी पडतील. भाड्याची सायकल घेऊन तो पाव पोचवत होता, निम्मी घरं सुटली होती. सगळे म्हणत होते, चोरच बेरकी, अलार्म काय करणार? वायरमन मान हलवत होता. खरं काय ते दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातली एक मशीनवर मान खाली घालून बसली होती. तिने एक शब्द काढला असता तरी त्याला सोसलं असतं. ती बोलत नव्हती हे त्याला सोसेना.

गाडी सापडली ती कशामुळे, ते ऐका. दूरच्या भागातल्या एका टायरवाल्याकडे कुणीतरी ती विकायला आणली. नंबराची पाटी बदललेली, पेटी काढलेली. पण टायरवाल्याची नजर सीटवर गेली. त्याची स्वतःची सीटही वहिनींनीच शिवलेली, ही बारीक पांढरी शिलाई त्यांचीच हे त्याने ओळखलं, आणि चोरीची बातमी कानावर होतीच, म्हणून त्याने विकणाऱ्याला बोलण्यात गुंतवून पोलिसांना फोन लावला.

त्या संध्याकाळी दुकानात ही गर्दी. पाववाल्याने वहिनीला वाकून नमस्कार केला. ती संकोचून मागे सरकली. चहावाल्याने फुकट चहा वाटला आणि म्हणाला, "अलार्मपेक्षा वहिनींची सीट बरी." सगळे हसले. वायरमनही हसला. मी आयुष्यभर खोटं हसून पोट भरलेली बाई, पण तसं हसू मलाही कधी जमलं नव्हतं.

हसणं ओसरल्यावर तो उभा राहिला. हातात पाना होता, तो उगीच या हातातून त्या हातात जात होता. पाववाल्याला म्हणाला, "चूक माझी आहे. तारा लपवायच्या असतात. मी त्या दिसाव्यात म्हणून लावल्या. हिने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

पाववाल्याने थोडा विचार केला. "अहो, पण दिसत होत्या छान."

यापेक्षा त्याने कानाखाली दिली असती तर बरं, असं वायरमनचं तोंड झालं. पण त्याने त्या चार-पाच जणांनाही निरोप पाठवले, प्रत्येकाला हेच सांगितलं, आणि सगळ्यांच्या वेण्या सोडून काम पुन्हा केलं.

पाववाल्याची गाडी त्याने शेवटी कामाला घेतली. दोन्ही बाजूंना पोती लावून दिवसभर आत बसला. वहिनीलाही डोकावू दिलं नाही. पोती काढली तेव्हा गाडी होती तशीच. ना डबी, ना भोंगा, ना दिवा. वहिनीने सहज म्हणून टाकीखाली हात घातला. मग दिव्यामागे. मग खाली बसून, पदर खोचून, बोटांनी एकेक तार चाचपली. तिला तारांचं बऱ्यापैकी कळतं, इतकी वर्षं शेजारी बसलेली. तिने गाडीला हळूच धक्का दिला. भोंगा असा कोकलला की माझ्या खोलीच्या खिडक्या थरथरल्या. आवाज कुठून येतोय ते तरीही तिला कळेना.

"कुठे लावलात?"

"आहे."

"आहे ते ऐकलं. कुठे?"

"कुठेतरी."

पाववाला आला, रिमोट दाबला, टुक-टुक. सीटवर हात फिरवला, वहिनीला शाबासकी दिली आणि गेला. त्या शाबासकीकडे तिचं लक्षच नव्हतं. संध्याकाळभर ती फुगून बसली होती. मला म्हणाली, "आत्या, बघितलंत? मी माझ्या शिलाईतलं सगळं दाखवते यांना. आणि यांना एवढंसं सांगवत नाही."

वायरमन पाने पुसत होता. मला वाटलं, आता तरी सांगेल. त्याने पंखा उचलला, तिच्याकडे वळवला आणि पुन्हा आपल्या बाजूला जाऊन बसला.