मिरचीच्या मशीनमधला गुलाल

यादीआण्णा माणसाला नावाने हाक मारत नसत, मतदारयादीतल्या क्रमांकाने मारत. मी भाजी घेऊन येताना दिसले की शाखेच्या पायरीवरून ओरडायचे, "चारशे बारा, च्या घेणार काय?" चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईला भर शिवाजी पेठेत असं कुणी पुकारलेलं मला सुरुवातीला मुळीच आवडलं नव्हतं. गेल्या श्रावणात आण्णा गेले. मुलांनो, तुम्ही सुट्टीत माझ्याकडे यायचात तेव्हा पायरीवर कानाला पेन्सिल लावून बसलेले आजोबा तुम्हाला आठवत असतील. तेच हे.

एका प्रादेशिक पक्षाच्या पेठेतल्या शाखेचे ते प्रमुख. शाखा म्हणजे एक खोली, एक बोर्ड आणि एक कपाट. महापालिकेच्या निवडणुकीत ही शाखा दर वेळी पडायची. माझं अक्षर चांगलं म्हणून आण्णा यादी नीट लिहून घ्यायला माझ्याकडे आले. कोण वारलं, कुठली मुलगी लग्न होऊन उचगावला गेली, हे ते तोंडपाठ सांगायचे आणि मी लिहायची. शिस्तीचा माणूस मला लगेच कळतो. आमचं जमलं.

एकदा आण्णा स्वतः उभे होते आणि विजय नक्की वाटत होता. कार्यकर्त्यांनी निकालाआधीच गुलालाचं पोतं आणून ठेवलं. आण्णा तीन मतांनी पडले.

दुसऱ्या दिवशी मी खुणा केलेली यादी तपासायला बसले. मत देऊन गेलेल्याच्या नावापुढे आम्ही पेन्सिलीने खूण करायचो. आमच्या पक्क्या मतांपैकी पाच नावं कोरी दिसली, तशी यादी घेऊन मी आण्णांकडे गेले.

"आण्णा, तुम्ही मत दिलंत का?"

"द्यायचंच हुतं की. शेवटाला जाणार हुतो. पण गल्लीतली म्हातारी आणायची राह्यली हुती, तिला रिक्षात घालून आणली, आत सोडली, रिक्षावाल्याला पैसं दिलं, तवर फाटक बंद."

"आणि दिवसभर टेबलावर मतदारांच्या चिठ्ठ्या लिहिणारे चौघे?"

आण्णांनी यादी ओढून घेतली. पाचही नावं शाखेचीच होती. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी एकेक नाव मोजलं. मग म्हणाले, "म्हंजे आमास्नी आमीच पाडलं म्हणा की!"

जिल्ह्याच्या नेत्यांनी निरोप पाठवला, पुढच्या खेपेला पडलात तर बोर्ड उतरवा, शाखा बंद. आण्णांनी गुलालाचं पोतं शिवून कपाटावर ठेवलं. "ह्यो उधळल्याबिगर दुसरा गुलाल ह्या शाखेत यायचा न्हाई," एवढंच बोलले.

पुढच्या निवडणुकीत प्रभाग महिलांसाठी राखीव झाला. सगळे म्हणाले, वहिनींना, म्हणजे आण्णांच्या बायकोला, उभं करा. वहिनी घरातूनच ओरडल्या, "मला जमायचं न्हाई! ह्यांची पोरं दिवसाला चाळीस कप च्या पित्यात, त्यो कोण करणार?" आण्णांनी विमलचं नाव दिलं. शाखेच्या मागे तिचं मिरची कांडपाचं मशीन होतं, आणि बायकांना मतदानाला आणण्याचं काम वर्षानुवर्षं तीच करत होती.

नेते चिडले. "हिला ओळखतंय कोण?"

"सायेब, अख्ख्या पेठेची चटणी ती कुटती. घराघरातलं तिखट तिला ठावं हाय."

मतदानाच्या दिवशी उजाडताच आण्णा शाळेच्या फाटकाशी उभे. त्यांचं स्वतःचं मत पहिलं. मग शाईचं बोट दाखवल्याशिवाय एकाही कार्यकर्त्याला टेबलापाशी बसू देईनात. "बोट दावा, मग च्या!" दर निवडणुकीला मी सकाळीच तुम्हाला माझ्या बोटाचा फोटो पाठवते आणि तुम्ही हसता. ती सवय या फाटकातली आहे.

विमल निवडून आली, आणि चांगल्या फरकाने आली. पोतं खाली उतरलं, पण इतक्या पावसाळ्यांत गुलालाची ढेकळं झाली होती. कुणीतरी नवीन आणायला निघालं.

"ह्योच!" आण्णा गरजले.

"मग आणा हिकडं," विमल म्हणाली, आणि नव्या नगरसेविकेने ढेकळं आपल्या मशीनमध्ये ओतली. पाच मिनिटांत गुलाल पिठासारखा झाला. आदल्या दिवशी त्याच मशीनमधून कोणाची तरी लवंगी मिरची निघाली होती, हे कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

गल्लीच्या टोकाला पहिली मूठ उडाली आणि मिरवणूक शिंकायला लागली. हलगीवाल्याचा ताल चुकला. पडलेल्या उमेदवाराची माणसं दारात तोंड पाडून उभी होती, तीही शिंकू लागली, आणि मग हसू लागली. विमल पदराने डोळे पुसत, लालभडक होऊन, सगळ्यांना नमस्कार करत होती.

आण्णा तेवढे शाखेच्या पायरीवर बोर्डाखाली एकटे उभे होते. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मी रुमाल पुढे केला.

"मिरची लई झोंबती, बाई," ते म्हणाले.

मी मान डोलावली. मिरवणूक अजून गल्लीच्या त्या टोकाला होती आणि आण्णांच्या पांढऱ्या सदऱ्यावर गुलालाचा एक कणही नव्हता.