वरच्या काकांचा शेवटचा अंक

अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत छापलेला असा एकही कागद नसेल, ज्यावर आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी पेन्सिल चालवली नाही. लग्नपत्रिका, औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठी, नगरपालिकेची पाणी बंद असल्याची सूचना, आरत्यांची पुस्तिका, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. आलेली लग्नपत्रिका ते समासात खुणा करून परत पाठवत. एकदा बदलापूरचे एक वधूपिता त्या खुणा बघून धापा टाकत आमचे जिने चढले. लग्नाला कोणीतरी हरकत घेतली, असं त्यांना वाटलं होतं. काकांनी त्यांना चहा दिला, दोन शब्दांमधली जागा कुठे जास्त सुटली ते दाखवलं, आणि धाकटीच्या वेळी आधी माझ्याकडे या, असं बजावलं.

काका मुंबईत विद्यापीठाच्या छापखान्यात मुद्रितशोधक होते. तिथून एक इंग्रजी संशोधन-त्रैमासिक निघायचं. जानेवारीचा अंक गणपतीत आला, तर काका म्हणत, यंदा लवकर आला. काकू विचारत, "पण ते वाचतं कोण? लिहिणारा आणि तुम्ही."

"लिहिणारा वाचत नाही," काका शांतपणे सांगत.

मुद्रितं तपासायला दोघं लागतात. एकाने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने छापलेल्या कागदावर डोळा ठेवायचा. काका रविवारी काम घरी आणत आणि तिथे वाचायला कोणी नसे. काकूंनी एकदा वाचून बघितलं, पण त्या मध्येच थांबून लेखकाशी भांडायच्या. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि दुकानात साधा साबण मागायचा झाला तरी मी चिठ्ठी लिहून न्यायचे. काकांनी आईला विचारलं. आईने मला न विचारताच हो म्हटलं.

ते वाचन म्हणजे एक अजब प्रकार होता. प्रत्येक खूण उच्चारायची. "कॅपिटल टी, द, कॉमा, इटालिक सुरू, इटालिक बंद, फुलस्टॉप, नवा पॅरा." स्वतःचं काहीच बोलायचं नसल्यामुळे मला ते खणखणीत आवाजात जमायला लागलं. समोरच्या बिल्डिंगमधल्या आजींनी आईला हळूच विचारलं, पोरीला कसला जप लावून दिलाय, गुण येतोय का. काकांची अट एकच होती. "अर्थ लागू द्यायचा नाही. अर्थ लागला की चूक निसटते." ते स्वतः ही अट इतकी पाळत, की मूत्रपिंडापासून मौर्यांपर्यंत सगळं तपासूनही त्यांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. हा लेख कशावर आहे, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "बावीस पानांवर."

मग त्यांच्या निवृत्तीचा महिना आला आणि त्यांचा शेवटचा अंक आला. तीस वर्षांत त्यांच्या अंकातून एक ओळ गळाली नव्हती. हे ते रिक्षावाल्यालाही सांगत, आणि रिक्षावाला मान डोलावे. त्या अंकात आमच्या भागातल्या गवतांवर एक लेख होता. ओढ्याकाठचं गवत, बांधावरचं गवत, गुरं तोंड लावत नाहीत ते गवत. आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या माळाला इतकी नावं असतील, हे मला माहीत नव्हतं. मला अर्थ लागत गेला. मी वाचत राहिले.

अंक छापून झाला. प्रती छापखान्यात बांधून ठेवल्या होत्या, सोमवारी टपालात पडायच्या होत्या. काकांनी एक प्रत आणि रद्दीत निघालेलं हस्तलिखित घरी आणलं. हस्तलिखितांवर काकूंचा हक्क होता, त्या ते फडताळात अंथरत. शनिवारी त्यांनी मला मेथीचा डबा काढायला सांगितला. डब्याखाली गवताच्या लेखाचं शेवटचं पान होतं. तिथे एक ओळ होती, जी मी कधीच वाचली नव्हती. ही सारी नावं मला ठमाबाईंनी सांगितली, राहणार चामटोली. तिच्या वरची ओळही 'चामटोली' या शब्दावर संपत होती. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याची नजर एका चामटोलीवरून दुसऱ्या चामटोलीवर गेली होती, आणि नेमकी तशीच माझीही.

मी पान घेऊन बाहेर आले. काका अंकावरून हात फिरवत बसले होते. सांगायला शब्द येईनात, म्हणून मी ती ओळ वाचली, त्याच आवाजात, कॅपिटल आणि कॉमांसकट. सवयीने त्यांची पेन्सिल छापलेल्या पानावर सरकू लागली. मग थांबली.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचली. काकूंनी गॅस बंद केला.

रविवारी सकाळी काका मला घेऊन उल्हासनगरला गेले. तिथे त्यांच्या ओळखीचे एक सिंधी छापखानेवाले लग्नसराईच्या कामात बुडालेले होते. शुद्धिपत्राची चिठ्ठी छापायची आहे म्हटल्यावर ते म्हणाले, "साईं, एक लाइन के लिए? किसको पता चलेगा?"

"मेरे को पता है ना," काका म्हणाले.

चिठ्ठी ओली हातात आली तेव्हा मी वाचली. पान, ओळ, ठमाबाईंचं पूर्ण वाक्य, आणि खाली एक जास्तीचं वाक्य, जे अशा चिठ्ठीवर कधीच नसतं. ही ओळ मुद्रितशोधकाच्या दुर्लक्षामुळे गळाली.

"काका, चूक माझी होती," मी म्हटलं. "मला तो लेख आवडला होता."

त्यांनी चिठ्ठी उजेडात धरून दोन शब्दांमधली जागा तपासली. "वाचणारा चुकतो," ते म्हणाले, "म्हणून तर बघणारा ठेवलेला असतो."

सोमवारी काकूंनी कढईत शिजवलेली खळ डब्यात भरून काका गेले आणि प्रत्येक प्रतीत त्यांनी स्वतःच्या हाताने चिठ्ठी चिकटवली. छापखान्याने त्यांना शाल दिली. त्या दिवशी तीस वर्षांचा विषय त्यांनी काढला नाही, पुढेही कधी काढला नाही.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या रविवारी सवयीने मी वर गेले. काका टेबलाशी बसले होते, पेन्सिलीला टोक केलेलं. टेबलावर तोच अंक होता, दुसरं काहीच नव्हतं.

"वाच," ते म्हणाले.

अंकात आम्ही न वाचलेलं काही उरलं नव्हतं. मी अंक उलटा केला आणि मागच्या कव्हरवरचा छापखान्याचा पत्ता वाचायला घेतला. काका खुर्ची पुढे ओढून नीट बसले.